नळी आडवी का गेली

त्या गॅरेजमध्ये दोघं काम करायची. मिस्त्री इंजिन बघायचे आणि त्यांची बायको नळ्या. ब्रेकच्या, पेट्रोलच्या, ऑइलच्या, गाडीत जिथून म्हणून काही वाहतं त्या सगळ्या नळ्या तिच्याकडे. गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणायची. पण वहिन्या जगात पुष्कळ, म्हणून ओळखू यावं यासाठी कुणीतरी नळीवहिनी म्हणालं आणि तेच चिकटलं. मिस्त्रींनी मात्र लग्नानंतर थोड्याच दिवसांत बायकोचं वेगळं नाव ठेवलं होतं: चौकशी खिडकी. "फरक एवढाच," ते लोकांना सांगायचे, "की या खिडकीपाशी गेलं की खिडकीच तुमची चौकशी करते."

हे माहेरपासूनचं होतं. पाहुणे चहाचा कप अर्धा ठेवून उठतात ते या मुलीमुळे, असं वहिनींची आई म्हणायची. लग्न होऊन त्या सासरी आल्या तेव्हा सासऱ्यांचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं, एका खोलीचं. एकदा दुपारचा डबा द्यायला वहिनी तिथं गेल्या आणि डबा हातात धरूनच उभ्या राहिल्या. उघड्या फ्रिजच्या मागं तांब्याची नळी होती. तिच्यावर एका जागी पांढरं दंव धरलं होतं आणि थोडं पुढं तीच नळी हात लावू देत नव्हती, इतकी तापलेली.

"मामंजी, नळी एकच ना? मग इथं गार आणि तिथं गरम, असं का?"

सासऱ्यांनी पाना खाली ठेवला. पोटच्या मुलानं त्यांना आजवर असलं काही विचारलं नव्हतं. त्यांनी दुसरं स्टूल पुढं ओढलं, फडक्यानं पुसलं आणि म्हणाले, "बस. सांगतो. पण जेवण गार होईल." जेवण गार झालं. ते स्टूल मात्र त्या दिवसापासून वहिनींचं झालं.

नळी कशी कापायची, कापल्यावर आतली कड कशी साफ करायची, तिचं तोंड साच्यात धरून कसं फुलवायचं, हे सगळं मामंजींनी शिकवलं. फुलवण्याआधी नट नळीवर ओवून ठेवायचा, हे तर त्यांनी शंभरदा सांगितलं असेल. कारण तोंड फुललं की नट त्यावरून जात नाही, नळी पुन्हा कापावी लागते, आणि कापलेली नळी हमखास तोकडी पडते. "बोट सुजवायच्या आधी अंगठी घाल," मामंजी म्हणायचे. पुढं लोक जुने फ्रिज दुरुस्त करण्यापेक्षा नवे घ्यायला लागले, दुकान रोडावलं, आणि त्या जागेत मिस्त्रींचं गॅरेज आलं. मामंजींनी पाने बाजूला ठेवले. वहिनींनी मात्र स्टूल हलवलं नाही. फ्रिजच्या नळ्या गेल्या, गाड्यांच्या आल्या, एवढंच.

अशात एके दिवशी सिस्टर आपली गाडी घेऊन आल्या.

सिस्टर म्हणजे फिरत्या दवाखान्याच्या नर्स. आडवाटेच्या वस्त्यांवर जायचं, तान्ह्या मुलांची वजनं घ्यायची, लशी टोचायच्या, म्हाताऱ्यांच्या जखमा बांधायच्या, असं त्यांचं काम. गाडी जुनी, लांबोडकी, मागं ऐसपैस जागा असलेली. तिच्या एका बाजूला सरकतं दार होतं. लशींची पेटी गाडीच्याच विजेवर गार राहायची, त्यामुळं वस्तीवर थांबलं तरी सिस्टर इंजिन चालूच ठेवायच्या.

"गाडीत पेट्रोलचा वास येतोय," त्या म्हणाल्या. "माझं नाक मेलंय, मला कळत नाही. पण काल एक आजी म्हणाल्या, सिस्टर, तुम्ही हल्ली कुठलं अत्तर लावता, डोकं उठतं."

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी आधी मागच्या खोलीतली शेगडी बंद करून घेतली, मिस्त्रींना बॅटरीची वायर काढायला लावली, टाकीतलं पेट्रोल डब्यात उतरवून डबा लांब नेऊन ठेवला, आणि मग गाडी लोखंडी घोड्यांच्या टेकूवर चढवून फळीवर पाठ टेकली.

नळी कुठं गळते हे शोधायची त्यांची एक रीत होती. त्या डोळ्यांपेक्षा बोटांवर जास्त विसंबायच्या. टाकीपासून निघायचं आणि नळीवरून बोट फिरवत इंजिनाकडं जायचं. ओल लागली की बोट नाकाशी. बऱ्याच पुढं गेल्यावर, नळीला गाडीशी धरून ठेवणाऱ्या एका पट्टीखाली बोट ओलं झालं. पट्टीच्या आत वर्षानुवर्षांचा चिखल साठून नळी गंजली होती. पट्टी सैल करताच तिथला पत्रा बिस्किटासारखा भुगा होऊन तोंडावर पडला.

"सबंध नळी बदलावी लागेल," त्या खालूनच म्हणाल्या. "एक जागा अशी आहे म्हणजे बाकीच्या पट्ट्यांखालीही हेच असणार."

"बदला," सिस्टर म्हणाल्या. "पण लवकर द्या. सायकलवर लशी नेता येत नाहीत."

सिस्टर गेल्यावर वहिनी पुन्हा गाडीखाली शिरल्या आणि तिथं त्यांना ते दिसलं. नळी टाकीपासून निघून चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, कडेकडेनं सरळ येत होती, ते ठीक. पण निम्म्या वाटेवर आल्यावर ती एकदम आडवी वळत होती, गाडीच्या पोटाखालून पलीकडच्या बाजूला जात होती, तिकडून पुढं येत होती आणि इंजिनाजवळ आल्यावर परत अलीकडं येऊन पंपाला मिळत होती. पंप अलीकडंच, टाकी अलीकडंच. मग ही पलीकडं कशाला गेली?

"अहो, जरा खाली या ना."

मिस्त्रींनी वाकून पाहिलं. "कुणीतरी नळी जास्त झाली म्हणून संपवली असेल."

"नळी जास्त झाली तर माणूस कापतो. एवढी मेहनत करून वळवत नाही. आणि वळणं बघा कशी आहेत. कुठं चेपलेली नाहीत, कुठं वळवायच्या साच्याचा ओरखडा नाही. हातानं इतकं गोल कसं वळवलं असेल?"

"ते त्याला विचार."

"कुणाला?"

"ज्यानं वळवलं त्याला," असं म्हणून मिस्त्री आपल्या कामाला गेले.

वहिनी नळी सोडवत राहिल्या. आडव्या भागाखाली चासीच्या खोबणीत वाळलेल्या मातीची ढेकळं होती. ती खरवडताना एक काचेची चकती हातात आली. नाण्याएवढी, गोल, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. मिस्त्रींच्या मते ती घड्याळाची काच होती. वहिनींनी ती धुतली आणि सहज तेलाच्या डब्यावरच्या अक्षरांवर धरली, तर अक्षरं फुगली. त्यांनी चकती खिशात टाकली.

आता नवी नळी कशी न्यायची हा प्रश्न होता. अलीकडच्या बाजूला, सरळ वाटेवर, चासीला जुनी भोकं दिसत होती, ठरावीक अंतरावर, कारखान्यातच पाडलेली. म्हणजे गाडी जन्माला आली तेव्हा नळी सरळच होती. मिस्त्रींनी भोकांकडं बोट दाखवलं. "हे बघ, बनवणाऱ्यानंच लिहून ठेवलंय. सरळ ने. बाजूनं सायलेन्सर जातो, पण चार बोटं अंतर आहे. पुष्कळ झालं."

वहिनींनी सिस्टरना फोन करून विचारलं. आडव्या नळीबद्दल त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. गाडी त्यांच्या मामांनी कुणाकडून तरी घेतली होती आणि मामांकडून ती त्यांच्याकडं आली होती. मामंजींना विचारलं, त्यांनीही नकारार्थी मान हलवली. उत्तर कुठूनच आलं नाही. आणि उत्तर मिळालं नाही म्हणजे कारण नसावंच, असं वहिनी त्या दिवशी धरून चालल्या. एरवी त्यांनी असं केलं नसतं. पण सिस्टर खोळंबल्या होत्या, मिस्त्री घाई करत होते, आणि कारखान्याची भोकं डोळ्यांसमोर होती.

नळी मात्र त्यांनी सुरेख बसवली. नट आधी ओवले, तोंडं फुलवली, प्रत्येक पट्टीखाली रबर घातलं, आतून हवा मारली. पेट्रोल भरून इंजिन चालू केलं आणि एकेका जोडावर बोट फिरवलं. सगळं कोरडं ठणठणीत. जुनी नळी त्यांनी भिंतीवरच्या खुंटीला लावली. नवी नळी रुळेपर्यंत जुनी फेकायची नाही, ही मामंजींची शिस्त.

सिस्टर गाडी घेऊन गेल्या. पेट्रोलचा वास गेला तो गेलाच. पण काही दिवसांनी, ऐन उन्हाच्या वेळी, फोन आला.

"गाडी चढावर बंद पडली," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "काल पडली, परवाही पडली. अर्धा तास थांबलं की काही न झाल्यासारखी चालू होते. कालचा अर्धा तास मी थांबले नाही. पेटी डोक्यावर घेऊन चढ चढले. आज तुम्हाला सांगावं म्हटलं."

सिस्टर रागावल्या असत्या तर वहिनींना बरं वाटलं असतं.

मिस्त्रींनी पंप उघडला. ठीक. कॉइल बदलून पाहिली, फिल्टर काढून बघितला, कार्ब्युरेटर साफ केला. गॅरेजसमोर गाडी शिवणयंत्रासारखी चालत होती. शेवटी वहिनी म्हणाल्या, "जिथं बंद पडते तिथंच नेऊ या. गाडी इथं आपल्याला उत्तर देणार नाही."

दुपारच्या उन्हात दोघं गाडी घेऊन त्या चढावर गेले. दुसऱ्या गिअरमध्ये रखडत निम्मा चढ चढला, आणि गाडीनं दोन आचके देऊन मान टाकली. मिस्त्रींनी चाकामागं दगड लावला. वहिनी खाली शिरल्या, नळीला हात लावला आणि झटकन मागं घेतला. फ्रिजमागची ती नळी त्यांच्या बोटांना अजून आठवत होती. ही तितकीच तापली होती.

"पाण्याची बाटली द्या. आणि फडकं."

ओलं फडकं त्यांनी सायलेन्सरशेजारच्या भागावर गुंडाळलं आणि ते सुकायला लागलं की पुन्हा भिजवलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता मारा."

गाडी चालू झाली.

मिस्त्री दारातून वाकून खाली बघू लागले. मग म्हणाले, "पेट्रोल नळीतच उकळतंय."

"हो. नळीत वाफ होते आणि पंपाला पेट्रोलऐवजी वाफ मिळते. सपाटीवर वारा लागतो म्हणून कळत नाही. चढावर गाडी हळू, वारा नाही, इंजिन तापलेलं. चार बोटं पुरत नाहीत." वहिनी अंग झटकत उभ्या राहिल्या. "म्हणून ती नळी पलीकडं गेली होती. सायलेन्सरला टाळून."

इथं दुसरा कुणी असता तर जुन्या नमुन्याची नळी बसवून मोकळा झाला असता. पण गॅरेजवर आल्यावर वहिनी पुन्हा खाली गेल्या, आणि आता त्यांचं लक्ष नळीवर नव्हतं, सायलेन्सरवर होतं. तो ज्या पट्ट्यांवर टांगला होता त्या हातानं कापलेल्या होत्या, एक लहान, एक मोठी. आणि पलीकडच्या बाजूला कारखान्याचे टांगायचे आकडे तसेच रिकामे लटकत होते. म्हणजे सायलेन्सरही मुळात इथं नव्हता. तोही कुणीतरी इकडं आणला होता.

मिस्त्रींनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "मग सोपं आहे. सायलेन्सर त्याच्या मूळ जागी नेऊ, नळी आहे तशी सरळ ठेवू. दोन्ही कारखान्याप्रमाणे. एका दुपारचं काम."

"आणि सायलेन्सर इकडं का आणला होता?"

"आता तेही?"

"एकदा न विचारता सरळ केली," वहिनी म्हणाल्या, "आणि सिस्टर चढ पायी चढल्या."

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. त्यांनी हात पुसले आणि दुसऱ्या गाडीचं बॉनेट उघडलं. त्यांच्या बाबतीत तो होकार असे.

वहिनींनी मग गाडी आतून बघायला घेतली, घर भाड्यानं घेणारा माणूस बघतो तशी. सरकत्या दाराच्या आत जमिनीला स्क्रूची भोकं होती, चार चार, जणू काही तिथं खुर्ची बसवलेली असावी. समोरच्या भिंतीवर काही अडकवायचा एक आकडा. छताला पडद्याची पितळी दांडी. वहिनींनी खिशातली काच काढून मामंजींच्या हातावर ठेवली. मामंजी पेपर वाचत होते. त्यांनी काच बातमीवर धरली, मग स्वतःचा चष्मा काढून त्याच्या काचेशेजारी धरली, आणि म्हणाले, "घड्याळाची कसली. ही चष्म्याची काच आहे. नंबराची. खुर्ची, पडदा आणि नंबराची काच. आता तूच सांग."

सिस्टरच्या मामांना फोन लावला. गाडी कुणाकडून घेतली होती? नाव त्यांना आठवेना. "पण माणूस आठवतो. जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलायला लागला की थांबायचा नाही. गाडीची किल्ली दिली तरी तासभर गाडीबद्दल बोलत होता. शेजारच्या गावात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं."

दुसऱ्या दिवशी वहिनी बसनं निघाल्या. मामंजी आपणहून बरोबर आले. म्हणाले, माझ्या चष्म्याची काडी सैल झालीय. काडी मुळीच सैल नव्हती.

दुकान सापडायला वेळ लागला नाही. चिंचोळं, दोन्ही भिंतींवर चष्म्यांच्या रांगा, मागं अंधाऱ्या खोलीत अक्षरांचा तक्ता. दुकान आता चष्मेवाल्यांची मुलगी चालवत होती. तिचे वडील आतल्या बाजूला खिडकीपाशी बसून एका फ्रेमचा स्क्रू आवळत होते. वहिनींनी काच पुढं केली आणि गाडीचं वर्णन केलं, तशी त्या म्हाताऱ्यानं फ्रेम खाली ठेवली.

"ती अजून चालते?"

"चालते. चढावर थांबते. त्याला कारण मी आहे."

चष्मेवाल्यांनी मुलीला चहा सांगायला लावला आणि सगळं ऐकून घेतलं. मग सांगायला लागले.

तरुणपणी ते त्या गाडीतून गावोगाव फिरून चष्मे करायचे. आत खुर्ची, समोर तक्ता, तक्त्यावर दिवा. दिव्यासाठी आणि काच घासायच्या चाकासाठी इंजिन चालू ठेवावं लागे. लोक सरकत्या दारापाशी रांगेत उभे राहायचे. आणि सायलेन्सरचं तोंड नेमकं त्याच बाजूला, दाराच्या मागं, थेट रांगेच्या दिशेनं.

"पहिल्याच गावात काय झालं," ते म्हणाले, "जो खुर्चीत बसेल त्याचे डोळे लाल आणि पाणी गळतंय. मला वाटलं, या गावात डोळ्यांची साथ आहे. एकालाही धड अक्षर दिसेना. मी आपला काच बदलतोय, आणखी जाड, आणखी जाड. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला मी चुकीचे नंबर देऊन बसलो. एक मास्तर होते, ते शेवटी म्हणाले, तुमची गाडी बंद करा आणि मला पुन्हा तपासा. तपासलं, तर त्यांना चष्माच लागत नव्हता."

मामंजी इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"मग सगळ्यांना पुन्हा तपासलंत?" वहिनींनी विचारलं.

"तपासणार नाही तर काय. सायलेन्सर आधी दाराच्या उलट्या बाजूला नेला, मग त्याच गावात परत गेलो. पण तुमचं झालं तेच माझं झालं. सायलेन्सर नळीच्या शेजारी आला आणि उन्हात गाडी जागोजागी बसायला लागली. म्हणून नळी दाराच्या बाजूला नेली."

"कुणी वळवून दिली?"

"मीच. जन्मभर चष्म्याच्या काड्या वाकवतोय, नळी वाकवायला काय लागतं?"

"पण एक वळण चेपलेलं नाही."

चष्मेवाल्यांनी बाकाखालून एक पसरट तवली ओढली. तिच्यात बारीक वाळू होती, खालून बत्ती लावायची सोय. चष्म्याची काडी वाकवायची तर ती आधी गरम वाळूत खुपसतात, मऊ होते, तुटत नाही. हे वहिनींना नवीन होतं. त्यांनी लगेच वाळूत बोट घातलं. "नळी आत पोकळ असते म्हणून चेपते," ते सांगत होते. "मला वाटलं, पोकळ राहूच द्यायची नाही. घरात वाळू होतीच. गच्च भरली, दोन्ही तोंडांना लाकडाच्या खुंट्या मारल्या आणि पाण्याच्या पिंपाभोवती हळूहळू फिरवली. आतून वाळूनं धरून ठेवलं, नळी जाईल कुठं?"

"आणि मग वाळू काढली कशी?"

म्हाताऱ्यानं मुलीकडं पाहिलं. मुलगी म्हणाली, "ते विचारू नका. आई सांगायची, किती दिवस घरात, गाडीत आणि जेवणात वाळू होती. नळीत उरलेल्या कणांनी गाडी तर रस्त्यातच खोकायची."

बोलता बोलता चष्मेवाले वहिनींकडं बघत होते. त्यांनी काच परत वहिनींच्या हातात दिली होती, आणि तिच्या कडेवर बारीक अक्षरात लिहिलेला आकडा वाचायला वहिनींनी हात पार लांब नेला होता.

"नळीचं भोक कसं शोधता तुम्ही?"

"बोटानं."

"आणि नळीचं तोंड नीट फुललंय का, ते?"

"तेही बोटानं. सवय आहे."

"बोट चांगलंच आहे," ते म्हणाले. "पण काम पेट्रोलचं. डोळ्यांनाही दाखवत जा." आणि मुलीला म्हणाले, "बसव ह्यांना."

वहिनींनी खुर्चीत बसेपर्यंत नको नको म्हटलं. मुलीनं काचा बदलत बदलत एक जोडी डोळ्यांवर ठेवली आणि हातात छापील कागद दिला. कागदावरची शाई कुठं दाट, कुठं विटकी, अक्षरांच्या कडांना कसे बारीक दाते असतात, हे सगळं वहिनींना दिसलं. त्या कागद वाचायच्या ऐवजी नुसत्या बघतच राहिल्या. मग स्वतःचे हात पाहिले. नखांच्या कडेला इतकं काळं असतं हे त्यांना माहीत नव्हतं.

"मामंजी, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तू विचारलं नाहीस," मामंजी म्हणाले. "विचारलं नाही अशी तेवढी एकच गोष्ट असेल."

चष्मा घालून गॅरेजवर आल्यावर वहिनींनी पहिलं काय केलं, तर खुंटीवरच्या नळ्यांची तोंडं एकेक करून तपासली. बहुतेक नीट होती. पण मध्यंतरी एका ब्रेकच्या कामात साचा तपासायला आधी फुलवून बाजूला ठेवलेल्या तुकड्याचं तोंड एका अंगाला किंचित जास्त फुललं होतं, कडेला केसासारखी चीर होती. बोटाला ती कधीच लागली नसती. त्या बराच वेळ तो तुकडा उजेडात धरून बसल्या. मग त्यांनी अलीकडं केलेल्या दोन गाड्यांच्या मालकांना निरोप धाडला, सहज एकदा आणून दाखवा, जोड बघायचेत. मिस्त्री म्हणाले, "काही तक्रार नाही त्यांची." वहिनी म्हणाल्या, "माहितीय. तरी बघते." दोन्ही गाड्यांचे जोड चांगले निघाले. तेव्हा कुठं त्यांना नीट जेवण गेलं.

सिस्टरच्या गाडीबद्दल आता शंका उरली नव्हती. सायलेन्सर मूळ जागी नेला असता तर त्याचं तोंड पुन्हा सरकत्या दाराशी आलं असतं. सिस्टरही त्याच दारात बसायच्या, इंजिन चालू ठेवायच्या, आणि रांगेत आता चष्म्याची गिऱ्हाइकं नव्हती, कडेवरची मुलं होती. मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी सरकतं दार एकदा उघडून लावलं. "बरं झालं हात नाही लावला," एवढंच म्हणाले, आणि न सांगता नळीचं नवं वेटोळं आणायला स्वतः गेले.

वाळूचा मोह वहिनींना झाला, खोटं कशाला बोला. त्यांनी नळीचा एक उरलेला तुकडा घेतला, वाळू भरली, खुंट्या ठोकल्या आणि पिंपाभोवती वळवून पाहिला. वळण अगदी म्हाताऱ्याच्या नळीसारखं आलं, गोल आणि गुळगुळीत. पण वाळू काढताना त्यांच्याही लक्षात आलं, की वाजवली, झटकली, फुंकली तरी कुठूनतरी एक कण येतोच. तो तुकडा त्यांनी मामंजींना बघायला दिला आणि गाडीची नळी रोजच्या साच्यावर, बेतानं, थोडी थोडी करून वळवली. माप खुंटीवरच्या जुन्या नळीचं घेतलं. आडवी जाते तिथं सायलेन्सरपासून आणखी लांब ठेवली, पट्ट्यांची तोंडं खाली केली, म्हणजे चिखल साठणार नाही. जोड आवळण्याआधी प्रत्येक तोंड चष्म्यातून पाहिलं आणि मग, चैन पडेना म्हणून, बोटानंही.

पहिल्या फेरीला वहिनी सिस्टरबरोबर गेल्या. ऊन त्या दिवशीही कडक होतं. मग चढ आला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुरत वर गेली आणि वर गेल्यावर सिस्टरनी पहिल्यांदा श्वास सोडला.

वस्तीवर सरकतं दार उघडलं. काटा मांडला, पेटी उघडली, बायका मुलांना घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. इंजिन चालू होतं. वहिनी रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या आणि नाकानं जोरात श्वास घेतला. धुराचा वास नव्हता. पलीकडं जाऊन पाहिलं, तर धूर एका पडक्या भिंतीवर जात होता आणि तिथं कुणी नव्हतं. त्या खाली वाकून गाडीच्या पोटाकडं बघत असताना रांगेतली एक बाई मुलाला खांद्यावर टाकून त्यांच्याशेजारी येऊन वाकली.

"काय बघताय?"

वहिनींनी नळी दाखवली. ती सरळ का नाही, सायलेन्सर या अंगाला का, रांगेला धूर का लागत नाही, सगळं सांगितलं. बाईनं ऐकून घेतलं. मूल खांद्यावर चुळबुळत होतं, तिनं ते दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"म्हणजे इंजिन चालू असतं म्हणून धूर, आणि धुरासाठी हे सगळं."

"हो."

"आणि इंजिन चालू कशासाठी?"

"पेटी गार राहायला हवी ना."

"मग पेटीलाच वेगळी बॅटरी का नाही देत? सकाळी निघताना भरायची, गाडी बंद ठेवायची. आमच्याकडं रात्री दिवा चालतो तसा."

वहिनी उठून उभ्या राहिल्या. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. सायलेन्सर कुणी हलवला, नळी कुणी वळवली, कशानं वळवली, हे सगळं शोधत त्या किती लांब जाऊन आल्या होत्या, आणि हे त्यांच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण आमच्या घरी एकजण आहेत, त्यांनी जन्मभर फ्रिजच दुरुस्त केलेत. पेटी किती वीज खाते ते त्यांना कळेल. विचारते आणि पुढच्या फेरीला येऊन सांगते."

"या," बाई म्हणाली. "मी असतेच. ह्याचं वजन करायला दर खेपेला यावं लागतं."

सिस्टरनी हाक मारली. बाईचा नंबर आला होता. ती मुलाला काट्यावर ठेवायला गेली, आणि मूल रडायला लागलं ते गाडीच्या आवाजाच्या वर ऐकू येत होतं.